वॉटरफॉल पळतोय, पण कानावर काहीच नाही: ऑनलाइन एसडीआर ऐकताना वारंवार येणारी अडचण

ऑनलाइन रिसीव्हरवर (एसडीआर, म्हणजे इंटरनेटवरून ऐकता येणारा सॉफ्टवेअर रेडिओ) हॅम बँड, म्हणजे हौशी रेडिओवाल्यांचे पट्टे, ऐकायला लागलेल्या नव्या मंडळींकडून मला सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न असा: पान उघडतं, वॉटरफॉलवर (सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर) रेघा खाली सरकताना दिसतात, सिग्नलची ताकद दाखवणारा एस-मीटरही हलतो, पण कानावर एक तर काहीच येत नाही, नाहीतर जे येतं ते माणसाचं बोलणं वाटत नाही. काल हेच पान छान चालत होतं. मग रिसीव्हर बिघडला असं समजून ते दुसरा उघडतात, तिथेही तेच. तिसऱ्यावर आवाज येतो, पण रात्री तोही गप्प. आठवड्याभरात माणूस कंटाळून नाद सोडतो, आणि त्याचंच मला वाईट वाटतं, कारण यातल्या बहुतेक अडचणी पाच-दहा मिनिटांत सुटणाऱ्या असतात.

गोम अशी आहे की लक्षण एकच आणि कारणं मात्र अनेक. दूरच्या गावातली अँटेना, तिथला रिसीव्हर, त्याच्या मालकाचं इंटरनेट, तुमचं इंटरनेट, तुमचा ब्राउझर, तुम्ही निवडलेला मोड (सिग्नलमधून आवाज काढायची पद्धत) आणि या सगळ्यांच्या वर आयनोस्फिअर, म्हणजे शॉर्टवेव्ह लहरी परत खाली वळवणारा वातावरणाचा वरचा थर. यातलं काहीही एक बिनसलं की शेवटी अनुभव तोच: ऐकू येत नाही. म्हणून दिसेल ते बटण दाबत सुटण्याआधी बिघाड कुठल्या टप्प्यावर आहे ते ठरवायचं. हे ठरवायची एक पक्की रीत आहे आणि ती मी प्रत्येकाला पहिल्यांदा करायला सांगतो.

आधी असा सिग्नल शोधा जो असायलाच हवा

हॅम स्टेशन कसोटीला घेऊ नका. समोरचा माणूस बोलायचा थांबला असेल, बँड बंद झाला असेल, काहीही असू शकतं. कसोटीला असं काहीतरी हवं जे दिवसरात्र चालू असतं.

नेदरलँड्समधल्या एन्सखेडे इथे ट्वेंटे विद्यापीठाचा वेबएसडीआर आहे. वेबएसडीआर हे सॉफ्टवेअर लिहिणारे पीटर-त्येर्क द बूर यांचाच हा रिसीव्हर. तो शून्यापासून २९ मेगाहर्ट्झच्या थोडं वरपर्यंतचा सगळा पट्टा एकाच वेळी घेतो आणि शेकडो माणसं आपापल्या फ्रिक्वेन्सीवर तो ऐकू शकतात. जर्मनीतल्या माइनफ्लिंगेनहून डीसीएफ७७ हे वेळ सांगणारं स्टेशन ७७.५ किलोहर्ट्झवर प्रक्षेपण करतं. एन्सखेडेपासून ते ३०० किलोमीटरच्या आत आहे. इतक्या खालच्या फ्रिक्वेन्सीची लहर एवढ्या अंतरावर जमिनीलगतच पोचते, त्यामुळे बँड उघडा आहे की बंद हा प्रश्नच उरत नाही.

ट्वेंटेचा रिसीव्हर उघडा, मोड यूएसबी करा (इथे यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड, संगणकाचं पोर्ट नव्हे) आणि फ्रिक्वेन्सी ७६.५ किलोहर्ट्झ टाका. एक किलोहर्ट्झची शिट्टीसारखी सलग टोन ऐकू यायला हवी. नीट कान द्या: दर सेकंदाला ती टोन क्षणभर दबते आणि परत उठते. कधी दबकी छोटी, कधी जराशी लांब. छोटी म्हणजे ०.१ सेकंद, लांब म्हणजे ०.२ सेकंद. त्यातूनच तारीख-वेळेचे आकडे पाठवले जातात. मिनिटाच्या शेवटच्या सेकंदाला टोन दबतच नाही, आणि त्या न दबण्यावरून पुढचं मिनिट सुरू होतंय हे घड्याळांना कळतं.

ही टोन ऐकू आली की अर्धं काम झालं. ब्राउझर, इंटरनेट, स्पीकर सगळं ठीक आहे. आता चूक शोधायची ती मोडमध्ये, ट्यूनिंगमध्ये किंवा आकाशात. टोन आली नाही, तर ट्यूनिंगला हात लावू नका. अडचण तुमच्या बाजूला आहे.

अमेरिकेतले रिसीव्हर ऐकत असाल तर हेच काम डब्ल्यूडब्ल्यूव्ही करतं. कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सहून २.५, ५, १०, १५ आणि २० मेगाहर्ट्झवर. सेकंदाचे ठोके आणि दर मिनिटाआधी पुरुषाच्या आवाजात वेळ. हवाईचं डब्ल्यूडब्ल्यूव्हीएच त्यातल्या पहिल्या चार फ्रिक्वेन्सींवर असतं आणि तिथे बाईचा आवाज थोडा आधी येतो. मात्र ही शॉर्टवेव्हवरची स्टेशनं असल्यामुळे पाचपैकी एखादीच फ्रिक्वेन्सी त्या वेळी लागेल, सगळ्या करून बघा.

आयनोस्फिअरचा संबंधच नको असेल तर क्यूओ-१०० उपग्रहाचा रिसीव्हर उत्तम. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलला गूनहिली इथे तो बसवलेला आहे. उपग्रह भूस्थिर आहे, त्याच्यावरचे हॅम ट्रान्सपाँडर (खालून आलेला सिग्नल परत खाली पाठवणारी यंत्रं) फेब्रुवारी २०१९ मध्ये खुले झाले, आणि तो १० गिगाहर्ट्झवर खाली पाठवतो. तिथे बीकन, म्हणजे खुणेचा सिग्नल, सतत चालू असतो आणि बोलणारी माणसंही बहुतेक वेळा सापडतात. नव्या माणसाने एसएसबी (सिंगल साइडबँड, हॅमची बोलायची नेहमीची पद्धत) ट्यून करायचा सराव इथेच करावा असं माझं मत आहे. सिग्नल स्थिर असतात, फेडिंग जवळजवळ नसतं.

टोन आली नाही: ब्राउझर आणि नेट

ब्राउझरचं कारण सगळ्यात साधं. २०१८ सालापासून क्रोमने आपोआप वाजणारे आवाज अडवायला सुरुवात केली, इतर ब्राउझरही आता तेच करतात. तुम्ही पानावर कुठेतरी क्लिक केल्याशिवाय आवाज सुरू होत नाही. चित्राला ही अट नाही, म्हणून वॉटरफॉल बिनदिक्कत पळत राहतो. पानावर आवाज सुरू करायचं बटण असेल ते दाबा, नसेल तर पानावर कुठेही एकदा क्लिक करा. टॅबवर म्यूटची खूण आहे का पाहा. आयफोनवर बाजूचं सायलेंटचं बटण सोडवा. मोबाइलवर स्क्रीन बंद झाली किंवा टॅब मागे गेला की आवाज तुटणं हेही ब्राउझर आणि फोनचं काम, रिसीव्हरचं नाही. एवढं करून भागलं नाही तर तेच पान प्रायव्हेट विंडोमध्ये उघडा. तिथे चाललं तर एखादं एक्स्टेन्शन आडवं येतंय.

नेटचा घोळ जरा वेगळा ओळखू येतो. किवीएसडीआर (वेबएसडीआरसारखाच दुसरा एक ऑनलाइन रिसीव्हर, थोडक्यात किवी) सहसा ८०७३ या पोर्टवर असतात आणि वेबएसडीआर बऱ्याचदा ८९०१ वर. ऑफिस किंवा कॉलेजच्या नेटवर्कवर नेहमीची दोन पोर्टं सोडून बाकी बंद ठेवलेली असतात. पान उघडतच नाही, किंवा पानाचा सांगाडा येतो आणि वॉटरफॉलची जागा काळी राहते. तीच लिंक मोबाइल डेटावर उघडून बघा. लगेच उघडली तर उत्तर मिळालं. आणखी एक: असे बरेच रिसीव्हर साध्या एचटीटीपीवर चालतात, आणि ब्राउझर स्वतःहून पत्त्यात एचटीटीपीएस घालतो. ॲड्रेस बारमध्ये तो जास्तीचा एस दिसला तर काढून परत एंटर दाबा.

आवाज येतो पण तुटक-तुटक, बुडबुड्यांसारखा, अशी तक्रार असेल तर लोक लगेच रिसीव्हर लांब आहे म्हणतात. अंतराने आवाज उशिरा येतो, तुटत नाही. तुटतो तो डेटाची पाकिटं अनियमित पोचल्यामुळे. किवीचा आवाज सेकंदाला १२,००० नमुन्यांचा, दाबून पाठवला की सेकंदाला सुमारे ४८ किलोबिट. एवढ्याला भारी कनेक्शन लागत नाही. त्याच्याहून जड पडू शकतो वॉटरफॉल. त्याचा वेग कमी करा. वेबएसडीआरवर वॉटरफॉल पूर्ण बंद करणारा ब्लाइंड नावाचा पर्याय आहे, तो लावून पाहा. दृष्टिहीन हॅमना हा पर्याय फार उपयोगी पडतो आणि कमकुवत नेटवर ऐकणाऱ्यांनाही.

आवाज येतो पण बोलणं कळत नाही

खरी मेहनत इथे आहे, आणि इथेच सगळ्यात जास्त लोक अडकतात.

हॅमचं बोलणं बहुतेक एसएसबीमध्ये असतं. ट्रान्समीटर कॅरिअर (मधली मूळ लहर) आणि तिच्या दोन बाजूंपैकी एक साइडबँड काढून टाकतो, उरलेली एकच बाजू पाठवतो. रिसीव्हरने तो कॅरिअर बरोबर त्याच जागी परत घालायचा असतो. ती जागा तुम्ही ट्यून करून देता. एएम मोडमध्ये ऐकलंत तर घालायला कॅरिअरच नाही, म्हणून बदकासारखी कुजबुज ऐकू येते. उलटी साइडबँड लावलीत तर आवाजाची उंच फ्रिक्वेन्सी खाली आणि खालची वर होते. ऐकणाऱ्याला कोणीतरी परक्या भाषेत बोलतंय असं वाटतं, लय अगदी माणसाची, शब्द एकही कळत नाही. मला पाठवलेल्या रेकॉर्डिंगमध्ये सर्वांत जास्त वेळा हेच सापडतं.

रूढी अशी: १० मेगाहर्ट्झच्या खाली एलएसबी (लोअर साइडबँड), वर यूएसबी. बँडची नावं लहरीच्या लांबीवरून असतात, ४० मीटर म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास. म्हणजे ८० आणि ४० मीटरवर एलएसबी, २०, १७, १५, १२ आणि १० मीटरवर यूएसबी. अपवाद ६० मीटरचा, तो ५ मेगाहर्ट्झच्या आसपास असूनही तिथे यूएसबी वापरतात. एफटी८ सारखे, संगणकानेच पाठवायचे आणि वाचायचे, डिजिटल मोड कुठल्याही बँडवर यूएसबीतच. त्यामुळे ४० मीटरवर एफटी८ ऐकून मग वरच्या बाजूला गप्पा ऐकायला गेलात आणि मोड बदलायचा राहिला, की बोलणं उलटं ऐकू येणारच.

आता ट्यूनिंग. आकड्यावर विसंबू नका, वॉटरफॉल बघा. पडद्याच्या रुंदीत पाच-दहा किलोहर्ट्झ मावतील इतकं झूम करा. बोलणाऱ्या स्टेशनचा पट्टा अडीच-पावणेतीन किलोहर्ट्झ रुंद दिसतो. निरखून पाहा: त्याची एक कड दाट आणि जवळजवळ कापल्यासारखी सरळ असते, दुसऱ्या बाजूला तो विरळ होत जातो. माणसाच्या आवाजातली ताकद खालच्या फ्रिक्वेन्सीत जास्त, म्हणून कॅरिअरकडची कड दाट. एलएसबीमध्ये ही दाट कड उजवीकडे असते, यूएसबीमध्ये डावीकडे. नुसत्या नजरेने साइडबँड ओळखता येते ती अशी. तुमच्या फिल्टरची खूण त्या दाट कडेच्या किंचित बाहेर, ३०० हर्ट्झच्या आसपास, आणून ठेवा. मग दहा-दहा हर्ट्झने सरकत जा. आवाज बारीक, चिरका वाटला तर एका बाजूला, घोगरा वाटला तर दुसऱ्या बाजूला. एका ठिकाणी आवाजात अचानक माणूस येतो. बहुतेक हॅम पूर्ण किंवा अर्ध्या किलोहर्ट्झवर बसतात, त्यामुळे ७०९८.९७ वर आवाज ठीक वाटत असेल तर ७०९९.०० करून पाहा, बहुधा तीच जागा.

पूर्ण आकड्यावर आवाज बरोबर येत नाही आणि सगळीच स्टेशनं सारख्याच अंतराने सरकलेली वाटतात, तेव्हा रिसीव्हरचं घड्याळ चुकलंय. किवीमध्ये जीपीएसवरून घड्याळ दुरुस्त होतं, तिथे हे फारसं घडत नाही. साध्या डोंगलवर (संगणकाला लावायच्या छोट्या रिसीव्हरवर) चालणाऱ्या रिसीव्हरमध्ये घडतं. दहा लाखात एक भागाची चूक १४ मेगाहर्ट्झवर १४ हर्ट्झ भरते, पन्नास भागांची चूक ७०० हर्ट्झ. वर सांगितलेल्या वेळेच्या स्टेशनांवर ही चूक मोजता येते: यूएसबीत एक किलोहर्ट्झ खाली बसा, टोन एक किलोहर्ट्झपेक्षा जितकी सरकलेली, तितकी चूक त्या फ्रिक्वेन्सीवर. बाकी बँडवर ती त्याच प्रमाणात कमी-जास्त धरा.

काही आवाज मुळातच बोलणं नसतात हेही ध्यानात असू द्या. ७.०७४ किंवा १४.०७४ मेगाहर्ट्झवर पंधरा-पंधरा सेकंदांनी सुरू होणारी आणि थांबणारी गुणगुण म्हणजे एफटी८. मोर्स ऐकायचा असेल तर वेबएसडीआरवरचा ऑटोनॉच आधी बंद करा. त्याचं काम सलग टोन पुसायचं, आणि मोर्स म्हणजे टोनच, तोही पुसला जातो.

आणि स्क्वेल्च, म्हणजे ठरावीक ताकदीखालचे सिग्नल गप्प करणारी सेटिंग. मी एकदा सलग दोन संध्याकाळी एका किवीवर ४० मीटर धुंडाळत होतो. वॉटरफॉलवर जोरदार पट्टे, कानाला मात्र अधूनमधून एखादा तुकडा. मी ब्राउझर बदलला, हेडफोन बदलले. शेवटी सापडलं ते असं की आधी कधीतरी स्क्वेल्च वर नेऊन ठेवला होता आणि किवीने माझ्या ब्राउझरमध्ये ती सेटिंग जपून ठेवली होती. तेव्हापासून माझी सवय आहे: बसल्यावर पहिल्यांदा स्क्वेल्च शून्यावर, नॉइज ब्लँकर (खटके पुसणारा) बंद, एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी) चालू. मग पुढचं.

सगळं बरोबर, पण बँडच रिकामा

इथे लोक स्वतःचं घड्याळ बघतात, आणि चूक तिथेच होते. बघायचं ते रिसीव्हरच्या गावातलं ऊन. दिवसा आयनोस्फिअरचा खालचा डी थर तयार होतो आणि ८० मीटरसारखे खालचे बँड शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो आणि ८० व ४० मीटर लांबवर उघडतात. १५ आणि १० मीटर याच्या उलट, त्यांना ऊन लागतं. तुमच्याकडे रात्र असेल आणि रिसीव्हरकडे भर दुपार, तर ८० मीटरवर जवळपासची एक-दोन स्टेशनं सोडून काही मिळणार नाही. रिसीव्हर निवडताना तो तुमच्या जवळ असावा असंही नाही. ज्या स्टेशनला ऐकायचंय त्याची लहर जिथे उतरते तिथला निवडा.

एखाद्या दिवशी भर दुपारी चालू बँड एकदम मरतो. वीसही मीटर नाही, पंधराही नाही, शॉर्टवेव्हवरची वेळेची स्टेशनंही गायब, नुसती खरखर. हे सौरज्वाळेमुळे होतं. क्ष-किरणांचा झोत पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूवर येतो आणि डी थर एवढा दाट होतो की शॉर्टवेव्ह त्यातून जातच नाही. काही मिनिटांपासून तास-दोन तासांपर्यंत हे चालतं. खात्री करायची तर रात्रीच्या बाजूचा एखादा रिसीव्हर उघडा. तिथे बँड नेहमीसारखा चालू दिसेल.

बँडवर गोंगाट आहे पण तो तिथलाच की हवेतला, हेही दुसऱ्या रिसीव्हरवरून कळतं. काही शे किलोमीटर लांबच्या रिसीव्हरवर तीच फ्रिक्वेन्सी लावा. दोन्हीकडे तोच खडखडाट असेल तर तो खरंच हवेत आहे, बऱ्याचदा क्षितिजापलीकडे बघणारं एखादं रडार. एकाच ठिकाणी असेल तर शेजारचा चार्जर किंवा सोलर इन्व्हर्टर. किवीवर एस-मीटरपाशी ओव्ही ही अक्षरं लुकलुकत असतील तर जवळच्या दणकट ट्रान्समीटरने रिसीव्हर भरून गेलाय, तुम्ही काही करू शकत नाही, दुसरा घ्या.

एक भुताटकी मात्र समजून घेण्यासारखी आहे. ४० मीटरच्या हॅम बँडात रेडिओ स्टेशनचे कार्यक्रम ऐकू येतात अशी तक्रार येते. स्वस्त आरटीएल डोंगल डायरेक्ट सॅम्पलिंगवर (अँटेनाचा सिग्नल थेट मोजायच्या पद्धतीवर) चालवला की त्याचं घड्याळ २८.८ मेगाहर्ट्झचं असतं, आणि निम्म्यावर, १४.४ मेगाहर्ट्झवर, आरसा तयार होतो. आरशाच्या पलीकडचा सिग्नल अलीकडे उमटतो: २८.८ मधून खरी फ्रिक्वेन्सी वजा करायची. १३ मीटरचा ब्रॉडकास्ट पट्टा २१.४५० ते २१.८५० मेगाहर्ट्झ, वजा केलात तर ७.३५० ते ६.९५०. म्हणजे थेट ४० मीटरच्या डोक्यावर. दुसऱ्या चांगल्या रिसीव्हरवर २१ मेगाहर्ट्झच्या त्या जागी जा, तोच कार्यक्रम सापडेल.

बाकीचे छोटे घोळ

किवी आठ जणांसाठी लावलेला असतो तेव्हा खरा वॉटरफॉल दोघांनाच मिळतो, बाकीच्यांना आवाज पूर्ण मिळतो. त्याला बिघाड समजू नका. सगळ्या जागा भरल्या असतील तर दुसऱ्याच्या चॅनलवर कॅम्प करून तो ऐकतोय ते ऐकता येतं. दिवसाची वेळमर्यादा न वापरताच संपली असं दिसलं, तर तुमच्या मोबाइल कंपनीने एकच आयपी अनेकांना दिलेला असतो आणि तो वेळ दुसऱ्या कोणी वापरलेला असतो. वायफायवरून या.

ओपनवेबआरएक्सवर (ऑनलाइन ऐकायचं आणखी एक सॉफ्टवेअर) ऐकता-ऐकता बँड अचानक दुसरीकडे उडी मारतो. तिथे एका डोंगलची प्रोफाइल सगळ्यांची मिळून असते, कोणीतरी ती बदलली की सगळेच हलतात. तुम्हीही बदलण्याआधी ऐकणारे किती आहेत तो आकडा बघा आणि कोणी असेल तर थांबा.

ऑक्टोबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी सीक्यू वर्ल्ड वाइड या हॅमच्या स्पर्धेचा फोन, म्हणजे बोलण्याचा, भाग असतो, नोव्हेंबरच्या शेवटच्या पूर्ण शनिवार-रविवारी मोर्सचा. बँड खचाखच भरलेले असतात. शांत गप्पा हव्या असतील तर १७ आणि १२ मीटरवर जा, तिथे स्पर्धा होत नाहीत.

परवानाधारक हॅम स्वतःचा सिग्नल तपासायला हे रिसीव्हर वापरतात. बोलताना तो आवाज बंदच ठेवा. आपलाच आवाज थोडा उशिरा कानावर पडला की जीभ अडखळते. रेकॉर्ड करून नंतर ऐका. आणि रिसीव्हरचा आवाज संगणकात घेऊन एफटी८ डीकोड करायला गेलात आणि काहीच निघालं नाही, तर हीच दिरंगाई कारण आहे. दोन-अडीच सेकंदांपलीकडे गेली की डीकोडर हात टेकतो. ओपनवेबआरएक्सवर डीकोडिंग रिसीव्हरकडेच होतं, ते वापरा.

हे सगळं करूनही अडलं तर रिसीव्हरच्या मालकाला लिहा. यातले बहुतेक रिसीव्हर एकेका हॅमने स्वतःच्या खर्चाने आणि स्वतःच्या अँटेनावर चालवलेले आहेत. तुमचा रिसीव्हर चालत नाही एवढंच लिहिलंत तर त्याला काहीच कळत नाही. यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) वेळ, फ्रिक्वेन्सी, मोड, ब्राउझर, वेळेचं स्टेशन ऐकू आलं की नाही, आणि त्याच मिनिटाला दुसऱ्या कुठल्या रिसीव्हरवर काय ऐकू आलं, एवढं लिहा. जमलं तर वॉटरफॉलचा स्क्रीनशॉट जोडा, फ्रिक्वेन्सीची पट्टी दिसेल असा.